पहिला नकार

उर्जा आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर दोन बॅगा होत्या आणि एक शंका. बॅगा तिने आमच्या मुलाच्या, कबीरच्या, खोलीत ठेवल्या. शंका जेवणाच्या टेबलावर काढली.

"मावशी, मी तुमच्याकडे पेइंग गेस्ट आहे की ओळखीची?"

"फरक काय पडतो?"

"पेइंग गेस्ट असले तर पोळी मागून घेईन. ओळखीची असले तर तुम्ही वाढाल तेवढी."

माझा नवरा दत्ता हसला आणि त्याने तिच्या ताटात पोळी टाकली. ती "नको नको" म्हणाली, त्याने दुसरी टाकली, ती "काका, खरंच नको" म्हणाली आणि दोन्ही खाल्ल्या. मी मनात म्हटलं, वळण चांगलं आहे पोरीचं. वळण चांगलं असलं की माणूस कुठे अडत नाही, असं तेव्हा मला वाटत होतं.

उर्जा साताऱ्याची. कार्ल्सरूहेला कम्युनिकेशन शिकत होती. म्हणजे माणसं एकमेकांशी कशी बोलतात, कंपन्या माणसांशी कशा बोलतात, हे सगळं शिस्तीत शिकायचं. माझ्या आईच्या पिढीला हे शिकायला चाळीतला नळ पुरायचा. तिच्या कॉलेजचा नियम असा, की एक आख्खं सेमिस्टर वर्गात बसायचंच नाही, कुठल्यातरी कंपनीत जाऊन काम करायचं. त्याला इथे प्राक्टिकुम म्हणतात. काम नीट झालं आणि त्यावरचा रिपोर्ट प्रोफेसरांना पटला की तीस क्रेडिट मिळतात. नाही पटला तर कंपनीतले सगळे महिने वाया आणि प्राक्टिकुम पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या र्युसेल्सहाइमला माणसं मोटारींच्या कारखान्यासाठी येतात. ही आली दारांच्या मुठींसाठी. गावाबाहेर मुठी आणि कड्या बनवणारी एक जुनी कंपनी आहे, तिच्या कम्युनिकेशन विभागात हिला घेतलं होतं. कंपनीचं अंतर्गत बातमीपत्र लिहायचं, कोण रिटायर झालं, कुणाला नोकरीत पंचवीस वर्षं झाली त्याचे फोटो लावायचे, आणि दर सोमवारी कँटीनचा मेनू कंपनीच्या साइटवर टाकायचा.

मी एका श्टॉयरबेराटरच्या ऑफिसात काम करते. लोकांच्या टॅक्सचे कागद लावता लावता नजर तशीच झाली आहे. माणूस समोर आला की त्याची जमेची बाजू कुठली, खर्चाची कुठली, हे आपोआप मांडलं जातं. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट जुळेना. मी उर्जाला डबा द्यायचे, पोळी-भाजी. संध्याकाळी डबा रिकामा यायचा, ते ठीक. पण डब्याबद्दल कुणी काही बोललेलं यायचं नाही. ऑफिसात डबा उघडला की कुणीतरी विचारतंच ना, हे काय आहे, वास छान आहे किंवा फार आहे. माझ्या ऑफिसात तर कारल्यावरून खिडकी उघडली होती. हिच्या डब्याचं ना कौतुक, ना तक्रार.

"कुणाबरोबर जेवतेस गं?" मी विचारलं.

"डेस्कवरच. काम असतं खूप."

मेनू टाकायला असं किती काम असतं, हे मी विचारलं नाही.

ऑक्टोबर गेला. दिवस लहान झाला. उर्जा संध्याकाळी आली की कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहायची आणि बोलत सुटायची. बसमधली बाई, बसमधल्या बाईचा कुत्रा, मुठींचे प्रकार. दिवसभर साठलेलं बोलणं कुणीतरी एकदम नळ सोडावा तसं यायचं. दत्ताला त्याची सवय नव्हती. तो सॉफ्टवेअरमधला; घरी आला की त्याला शांतता लागते. मला मात्र बरं वाटायचं. कबीर हॅम्बुर्गला गेल्यापासून त्या खोलीतून आवाज म्हणून आला नव्हता. कबीरला मी दिवाळीला येतोस का विचारलं, तर म्हणाला, "नाइन, ममा, जमत नाही." मी दुसऱ्यांदा विचारलं, तर त्याने जर्मनमध्ये समजावलं की त्याने आत्ताच उत्तर दिलं आहे. मग मी करंज्या उर्जाला खाऊ घातल्या. ती प्रत्येक करंजीला नको म्हणाली आणि प्रत्येक करंजी खाल्ली.

नोव्हेंबरात एका शनिवारी तिच्या प्रोफेसरांचा व्हिडिओ कॉल होता. प्रोफेसर फोग्ट म्हणून बाई आहेत. उर्जाच्या खोलीचं दार उघडं होतं. मी ऐकत नव्हते, कोथिंबीर निवडत होते. पण कोथिंबीर निवडताना कान बंद करायची सोय नाही.

रिपोर्टसाठी प्रत्येकाने कंपनीतली एक गप्पांची जागा निवडायची होती आणि तिथे स्वतः बसून लिहायचं होतं. उर्जाने सप्टेंबरातच विषय नोंदवला होता: जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा. तिने आत्तापर्यंतचा मजकूर पाठवला होता आणि बाईंनी तो वाचला होता.

"आल्झो," बाई म्हणाल्या, "कोण कुणाबरोबर जेवायला जातं, किती वाजता जातं, परत येताना कोण हसत असतं, सगळं सुंदर टिपलंय. पण उर्जा, तुम्ही कुठे बसता?"

उर्जाने कागद चाळल्याचा आवाज आला.

"टेबलावर काय बोलतात, याबद्दल एकही वाक्य नाही."

"मी... मी बाहेरून बघते."

"बाहेरून बघणं म्हणजे पहारा. मी निरीक्षण मागितलंय, आत बसून केलेलं. विषय नोंदवलाय, आता बदलता येणार नाही. जानेवारीअखेर टेबलावरचं काही आलं नाही, तर मी हे प्राक्टिकुम मंजूर करू शकणार नाही. मला वाईट वाटेल, पण करू शकणार नाही."

कॉल संपला. बऱ्याच वेळाने उर्जा बाहेर आली आणि माझ्यासमोर बसून निवडलेली कोथिंबीर परत निवडायला लागली.

"ऐकलंत ना?"

"थोडंसं."

"सगळं ऐकलंत."

"बरं, सगळं. तू त्यांच्याबरोबर जेवत का नाहीस?"

"ते बोलावत नाहीत."

"एकदाही नाही बोलावलं?"

"एकदा बोलावलं. पहिल्याच दिवशी. फ्राऊ हेलविग आहेत ना, माझ्या वरच्या, त्या आल्या आणि म्हणाल्या, आम्ही जेवायला चाललोय, येतेस?"

"मग?"

"मग मी म्हटलं, नको नको, तुम्ही जा."

"का?"

"का म्हणजे?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मीच जर्मन. "पहिल्यांदा विचारल्यावर लगेच हो म्हणायचं? हावरट नाही का वाटत? मला वाटलं, त्या म्हणतील, अगं चल गं. मग मी उठले असते. पर्स पण हातात घेतली होती."

"आणि त्या?"

"म्हणाल्या, ठीक आहे. आणि गेल्या. मला वाटलं, उद्या विचारतील."

"आणि तू तेव्हापासून वाट बघतेयस."

ती मान खाली घालून कोथिंबिरीच्या काड्या मोडत बसली.

मी दत्ताला हाक मारली. तो बाहेरच्या खोलीतून आला, त्याला सगळं सांगितलं, आणि तो खुर्चीत बसून इतका हसला की त्याला ठसका लागला.

"काका, यात हसण्यासारखं काय आहे?"

"माझा पहिला केक असाच गेला," दत्ता म्हणाला. "ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता. चेरीचा केक. त्याने प्लेट पुढे केली, मी म्हटलं, नाही, राहू दे. अरे, प्लेट जी पुढे गेली ती गेलीच! मागे वळून बघेना. इथे नकार पहिल्या फटक्यात पास होतो, बाळा. खालच्या कोर्टात निकाल लागतो आणि अपील नाही."

आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतोच. तो नमस्कारासारखा असतो, आत येताना करायचा. दुसरा मान राखायला. तिसऱ्यापासून कुठे माणसाला खरोखर भूक नाही असा संशय घ्यायचा. हे सगळं माझ्या आईने मला शिकवलं, उर्जाच्या आईने तिला शिकवलं, आणि कम्युनिकेशनच्या कुठल्याही पुस्तकात ते नसावं, नाहीतर या पोरीने पर्स हातात धरून सगळा पानगळीचा मोसम घालवला नसता.

"सोपं आहे," मी म्हटलं. "सोमवारी तूच जा आणि बस."

"न बोलावता?"

"हो."

"मावशी, न बोलावता पंगतीला जाऊन बसायचं? आमच्या घरात असं कुणी केलं ना, तर पुढच्या सात लग्नांत त्याचं नाव निघतं. आमचे एक लांबचे मामा होते, अजून त्यांना सगळे आगंतुक मामाच म्हणतात. खरं नाव मला माहीतच नाही."

"मग काय, मामांची भाची हो. तीस क्रेडिट आहेत."

सोमवारी ती गेली नाही. मंगळवारी गेली, पण कँटीनच्या दारापर्यंत. ट्रे उचलला, सूप घेतलं, टेबल दिसलं, आणि ती सूप घेऊन तशीच जिन्याने वर डेस्कवर आली. दर सोमवारी मेनू टाइप करणाऱ्या मुलीने ते सूप पहिल्यांदा चाखलं, तेही गार झालेलं.

"घरी तालीम करू," दत्ता म्हणाला. मला वाटलं, थट्टा करतोय; पण त्याने खरंच जेवणाचं टेबल पुढे ओढलं. मी झाले फ्राऊ हेलविग. दत्ता झाला येन्स, तिच्या शेजारच्या डेस्कवरचा, फोटो काढणारा. उर्जाने हातात परात घेतली, ट्रे म्हणून, आणि दारातून आली.

"एन्टशुल्डिगुंग," ती म्हणाली, "तुम्हाला त्रास होणार नसेल, आणि तुमचं काही महत्त्वाचं बोलणं चालू नसेल, तर मी, म्हणजे अगदी थोडा वेळ..."

"तोपर्यंत माझं जेवण झालं," येन्स म्हणाला. "परत."

"इथे जागा आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की काय नक्की! बस!" येन्स ओरडला. "एकदा आहे म्हटलं की आहे. इथे पहिल्या शब्दाला किंमत आहे."

ती परत गेली, परत आली, परत गेली. शेवटी हसून हसून परात खाली पडली. त्या संध्याकाळी शेजारच्या श्नायडरबाईंनी भिंतीवर टकटक केलं. या घरातून एवढा आवाज गेला म्हणून मला लाज वाटायला हवी होती. मला तो आवाज आवडला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले. का, ते विचारू नका. चहा टाकून बसले. उर्जा आली, या वेळी कोट काढून टांगला, आणि खुर्चीत बसली. नळ सुटला नाही.

"गेलीस?"

"गेले."

"मग?"

"विचारलं, जागा आहे का. फ्राऊ हेलविग म्हणाल्या, हो, अर्थातच. आणि त्यांनी त्यांची पिशवी बाजूला घेतली. बस. एवढंच." तिने कप दोन्ही हातांत धरला. "मग येन्स म्हणाला, आम्हाला वाटलं तुझं दुपारी काही धार्मिक असतं."

"धार्मिक?"

"उपास किंवा प्रार्थना. फ्राऊ हेलविग म्हणाल्या, नाही, तिने मला पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की तिला यायचं नाही. मी त्याचा मान ठेवला. पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे माणसाला कोंडीत पकडणं." तिने कप खाली ठेवला. "मावशी, आमच्या ऑफिसच्या खोलीचं दार आहे ना, जेवायला जाताना ते सगळे रोज दार लावून घ्यायचे. अगदी हळू, आवाज न करता. मला रोज वाटायचं, मला बाहेर ठेवलंय. आज कळलं, फ्राऊ हेलविगनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. नवीन आलेल्या मुलांनासुद्धा. उर्जाला दुपारी एकटं राहायला आवडतं, दार हळू लावा, तिला त्रास देऊ नका."

मी चहात साखर घातली. आधीच घातलेली होती.

"म्हणजे इतके दिवस," ती म्हणाली, "सगळे मिळून माझा एकटेपणा जपत होते."

इतक्या नीटनेटक्या चांगुलपणाची नोंद कुठल्या बाजूला करायची, जमेला की खर्चाला, अजून मला ठरवता आलेलं नाही.

"टेबलावर बोलतात काय पण?" मी विचारलं.

"हिवाळी टायर. कधी बदलायचे, कुणी बदलले. मग बटाटे. मग एकमेकांना मालत्साइट म्हणतात आणि उठतात. खूप काही नसतं हो. तिथे बसूनही तसं एकटंच वाटतं. पण समोर माणसं असतात."

त्यानंतर ती रोज गेली. डबा बंद झाला. मी तरी सकाळी विचारायचे, "थोडी भाजी देऊ? नुसती भाजी?" ती आधी "नको" म्हणायची आणि थांबायची, मी पुन्हा विचारावं म्हणून. नाताळपर्यंत ते थांबणं गेलं. "नको मावशी," आणि पायात बूट. एकदा मी तिसऱ्यांदा विचारलं, तर हसून म्हणाली, "फ्राऊ हेलविग याला कोंडीत पकडणं म्हणतात." मीही हसले. वांग्याची भाजी मग मी माझ्या ऑफिसात नेली.

संध्याकाळीही ती उशिरा यायला लागली. येन्सच्या बायकोबरोबर नाताळच्या बाजारात गेली. कुणाकडे तरी बिस्किटं भाजायला गेली. एकदा रविवारी आम्ही तिघांनी मिळून थालीपिठं करायची ठरवली होती, तर फ्राऊ हेलविगनी फिरायला बोलावलं. "मी लगेच हो म्हटलं," तिने मला अभिमानाने सांगितलं. "दुसऱ्यांदा विचारायची वेळच येऊ दिली नाही!" मी शाबासकी दिली. शिकवलं मीच होतं. थालीपिठं दोघांना जास्त झाली.

जानेवारीत रिपोर्ट गेला. दाराची गोष्ट तिने त्यात लिहिली, फ्राऊ हेलविगना विचारून. त्या म्हणाल्या, लिही, पण दार हळू लावायचो हे नक्की लिही. प्रोफेसरबाईंचं उत्तर चार ओळींचं आलं. मंजूर. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की आता तुम्ही कुठे बसता ते मला दिसतं. उर्जाने ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली, दत्ताला एकदा, आणि साताऱ्याला फोन करून आईला. तीस क्रेडिट. आईने तिकडून विचारलं, "म्हणजे किती टक्के गं?"

फेब्रुवारीच्या शेवटी ती निघाली. कार्ल्सरूहेची गाडी दुपारची होती. मी सकाळपासून लागले होते. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी. साताऱ्याची चव यावी म्हणून फ्रँकफुर्टच्या दुकानातून खास पीठ आणलं होतं. तिला सांगितलं नव्हतं. टेबलावर तीन ताटं मांडली आणि वर पेपर टाकला.

ती बॅगा घेऊन बाहेर आली. येताना दोन होत्या, जाताना तीन. दत्ताला वाकून नमस्कार केला, मला केला. मला मिठी मारली. मग कोटाची बटणं लावायला लागली.

"अगं, जेवून जा," मी म्हटलं. "पुढची गाडी असते की तासाभराने."

"नको मावशी."

माझं तोंड उघडलं होतं. अगं चल गं, हे ओठांवर आलं होतं. तीनच शब्दांचं काम. पण ती आता ज्या तऱ्हेने नको म्हणायची, ते मी दोन महिने रोज सकाळी ऐकत होते, आणि कोंडीत पकडणंही मला आठवलं. कबीरचं जर्मन उत्तरही आठवलं.

"बरं," मी म्हटलं.

उर्जा तिथेच होती. वरचं बटण तिने लावलं, काढलं, पुन्हा लावलं. पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "येते हं," आणि दार लावून घेतलं. अगदी हळू, आवाज न करता.

दत्ता टेबलाशी आला. त्याने पेपर उचलला, ताटं बघितली.

"विचारलंस ना तिला?"

"विचारलं. नको म्हणाली."

"किती वेळा?"

मी खिडकीशी गेले. समोरच्या स्टॉपवर ती उभी होती, तीन बॅगा पायाशी. बस यायला वेळ होता. ती रस्त्याकडे बघत नव्हती, आमच्या खिडकीकडे बघत होती. मी दिसल्यावर तिने हात हलवला. मीही हलवला. खिडकीची मूठ माझ्या हातात होती. वळवली असती तर हाक गेली असती, स्टॉप काही लांब नाही.

तिने पर्स हातात धरली होती.

मी मूठ वळवली. ही खिडकी हिवाळाभर उघडली नव्हती, पट्टीला चिकटली होती. हिसका दिला, तेव्हा उघडली, आणि त्याच वेळी बस मध्ये आली. बस गेली तेव्हा स्टॉपवर कुणी नव्हतं. मी तरी हाक मारली. श्नायडरबाईंनी खाली रस्त्यावरून वर बघितलं.

"भाकरी गार होतेय," दत्ता आतून म्हणाला.

मी येऊन बसले. त्याने तिसऱ्या ताटातलं वांगं माझ्या ताटात वाढायला घेतलं.

"नको," मी म्हटलं.

त्याने ऐकलं नाही. वाढलं.